कोरड्या उन्हाची शेखी

आमच्याकडच्या उन्हाबद्दल मी सारी नोकरीभर जे सांगत आलो, त्यातलं निम्मं खरं होतं. कोणतं निम्मं ते कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

मी मीठ खात्यात कारकून होतो. जन्म यवतमाळकडचा, राळेगावच्या बाजूचा, कापसाच्या काळ्या मातीतला, आणि नोकरीनं नेऊन टाकलं ते थेट कोकणपट्टीत, खाडीच्या काठी, मिठागरांच्या मधोमध. दुपारी कचेरीत मुकादम, शिपाई, तपासनीस सगळे सदरे काढून घाम पुसत बसायचे आणि मी सुरू व्हायचो. आमच्या गावी वैशाखात कोंबडी उकडलेलंच अंडं घालते, मीठ तेवढं आपण लावायचं. माझ्या देखत एक कावळा बाभळीवर बसला आणि बसल्या जागी भाजून निघाला, खाली पडला तो खरपूस. बैलाची सावली दुपारी भिऊन बैलाच्या पोटाखाली शिरते, ती दिवस कलल्याशिवाय बाहेर येत नाही. माझ्या चुलत्यांनी एकदा विहिरीत बादली सोडली तर वर चहाचं आधण आलं, नुसती पत्ती टाकायची बाकी. लोक हसून हसून आणखी घामेजायचे. मग मी माझा हुकमी पत्ता टाकायचो. "पण एक आहे. घाम नाही. आमचं ऊन कोरडं. अंगाला चिकटत नाही, अंगावरून निघून जातं."

यावर मात्र कुणी हसत नसे. सगळे आपापल्या पंच्याकडे बघत. कारण तिथला घाम म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळावं. चैत्र लागला की हवेचीच पातळ पेज व्हायची. आंघोळ करून अंग पुसावं तर पुसता पुसता पुन्हा भिजायचं, शेवटी मी पुसणंच सोडलं. सदरा खुंटीवरून काढला की आधी पिळायचा, मग घालायचा. माझ्या काळ्या टोपीवर बुरशीचं असं हिरवंगार पीक यायचं की एका बकरीनं एकदा पाठलाग केला होता. आगपेटीतल्या काड्या पेटायच्या नाहीत, पापड वाजायचे नाहीत. मीठ खात्यातला माणूस मी, पण माझ्या घरच्या मिठाला पाणी सुटलेलं. त्या मानानं ऊन म्हणाल तर फार नव्हतं. ऊन कडक नसतं तिथं, ओलं असतं. ओल्या घोंगडीखाली कुणी तरी कोंबून ठेवावं आणि वर बसावं, तसं.

बायको तिथलीच. खाडीपलीकडच्या गावची. लग्न माझ्या साहेबांनीच जुळवलं. आम्हाला मूलबाळ नाही. संसार दोघांचा, आणि त्यात बडबड माझी एकट्याची. ती कमी बोलायची पण वजनात बोलायची. माझ्या गोष्टींचा तिनं एक भाव ठरवून टाकला होता. म्हणायची, "तुमच्या सांगण्यातले बारा आणे काढून टाकायचे. उरतात ते चार आणे खरे." बाहेर मी कितीही गर्जलो तरी घरी चार आण्यांचाच.

तिला दमा होता. तरुणपणी थोडा, पुढं वाढत गेला. उन्हाळ्यात हवा जड झाली की ती उशा रचून बसून राहायची. श्वास आत जाताना जुन्या दाराची बिजागरी वाजावी तसा आवाज यायचा. मी निवृत्तीला आलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, हिला कोरड्या हवेत न्या, समुद्रापासून दूर. आता कोरड्या हवेचं नाव काढल्यावर माझ्यासारखा माणूस काय करील? मला वाटलं, साऱ्या जन्माची शेखी आज कामी आली. मी घरी येऊन कोरड्या हवेवर असं प्रवचन झोडलं की मलाच घसा कोरडा पडून पाणी प्यावं लागलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "एक उन्हाळा राहीन. श्वास सुधारला तर तुमचं खरं, मग मरेपर्यंत तिथं. नाही तर मला परत खाडीवर आणून सोडायचं." तिच्या धाकट्या भावानं त्याच्या घरातली मागची खोली तिच्यासाठी रिकामी ठेवायचं कबूल केलं. म्हणजे आमच्या म्हातारपणाचा सगळा फैसला एका उन्हाळ्यावर येऊन ठेपला, आणि तो उन्हाळा माझ्या गावचा होता. मी निर्धास्त होतो.

हे साठ सालच्या आगेमागे. आम्ही थंडीतच आलो. वर्ध्याला आगगाडीतून उतरून एसटीनं धुरळा खात राळेगाव, आणि तिथून सामानासकट गावी बैलगाडीनं. चुलतभावानं आपल्या घराला लागून असलेली दोन खोल्यांची, कवेलूच्या छपराची जागा झाडून ठेवली होती. चुलतभाऊ माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळं त्याची बायको माझी वहिनी. कापूस, तूर आणि सासू-सासरे सगळ्यांना पुरून उरलेली बाई. तिनं माझ्या बायकोला दारातच न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई वो, किती सर्दावलेली आणली भाऊजींनं. थांबा, आमचं ऊन तुमाले मस्त कडक करते."

आणि खरंच, पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत चमत्कार झाला. हे मी फुगवून सांगत नाही. बायकोचा श्वास मोकळा झाला. छातीतली बिजागरी वाजायची थांबली. ती पाठीवर आडवी निजली, आणि पहाटेपर्यंत तशीच निजून राहिली. मीच दोनदा उठून बघितलं, आवाज का येत नाही म्हणून. सकाळी उठून तिनं मिठाची बरणी उघडली, चिमूट घेतली, ती बोटांतून भुरभुर खाली सांडली. तिनं पुन्हा घेतली, पुन्हा सांडली. लहान मूल वाळूत खेळावं तशी ती मिठाशी खेळत बसली. आगपेटीची काडी एका झटक्यात पेटली तेव्हा तर तिनं ती विझवली आणि उगाच दुसरी पेटवली.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या तोंडाकडं बघायचो, निकालाची वाट बघावी तसा. ती कपाळावरून हात फिरवायची, कोरडा हात मला दाखवायची आणि म्हणायची, "कुठाय हो तुमचं ऊन? मला तर जाणवतसुद्धा नाही." मी चढूनच गेलो. पारावर रोज कोंबडी, कावळा सगळं त्या घाम नसल्याच्या वाक्यासकट सांगायला लागलो, आणि वर जाहीर करून आलो की आमच्या हिला वैशाखात शाल लागते.

खाडीवर उन्हाळा मोजायची एकच रीत. घाम किती आला. पदर भिजला तर ऊन, नाही भिजला तर सावली. तिनं जन्मभर तसंच मोजलं होतं. आता पदर कोरडा, म्हणजे ऊन नाही. आमच्याकडं घाम येतो आणि येता येता हवा तो पिऊन टाकते, दिसूही देत नाही, हे तिला कोण सांगणार? वहिनीला ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. माशाला कुणी पाणी समजावून सांगत नाही. आणि मी तर कोरडेपणाच्या कौतुकातच होतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. खाडीवर वारा म्हणजे जीव. दुपारी समुद्राकडून झुळूक सुटली की बायका हातातलं काम टाकून दारात येतात, पदर सोडतात, मानेवरचे केस उचलून धरतात. तिथं खिडकी लावणारा माणूस वेडा. आमच्याकडं बरोबर उलटं. दहा वाजले की दारं-खिडक्या गच्च बंद. फटीत चिंधी. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारत राहायचं. दिवेलागणीपर्यंत गाव असं बंद की परक्याला वाटावं महामारी येऊन गेली.

माझ्या बायकोनं दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

वहिनी भिंतीपलीकडून धावत आली. "जाऊबाई, हे काहून उघडं ठेवलं वो? झळ आत येऊन राह्यली."

"वारा येतोय चांगला."

"हा वारा चांगला नसते बाई. हा घरात घ्याचा नसते."

वहिनीनं खिडक्या लावल्या, ताटी भिजवली आणि गेली. ती गेल्यावर बायकोनं त्या पुन्हा उघडल्या. असं रोज. मी मध्ये पडलो. म्हणालो, अगं लावून घे, हा वारा माणसाला वाळवून टाकतो, आमच्या गावात धडधाकट गडी उभ्या उभ्या गेलेत या वाऱ्यानं. तिनं माझ्याकडं बघितलं. मला ती नजर पाठ होती. मनातल्या मनात बारा आणे वजा करत होती.

"उकडलेलं अंडं घालणारी कोंबडी पण याच वाऱ्यात होती का?" ती म्हणाली. "अहो, बंद खोलीत माझा जीव घुसमटतो. श्वास कसाबसा सापडलाय मला. दार लावून बसायला मी काय लोणचं आहे?"

दम्याच्या माणसाला बंद खोली नको असते, हे मी साऱ्या संसारभर पाहिलेलं. शिवाय आवाज माझा. तोच आवाज, ज्यानं कावळा भाजला होता. त्या आवाजात खरं बोलायची मला सवयच नव्हती. ते बोललं की कसं वाजतं हे मला तेव्हा कळलं. खोट्यासारखंच वाजतं.

मग आल्या कुरडया. गहू भिजत घालून, वाटून, चीक काढून, शिजवून वहिनीनं तिला कुरडया घालायला शिकवल्या, आणि ती खुळी झाली. खाडीवर वाळवण म्हणजे लढाई. सकाळी घाला, दुपारी ढग येतात, उचला, पुन्हा घाला, चार दिवस उलटवत बसा, आणि पाचव्या दिवशी बुरशी. इथं सकाळी बाजेवर धोतर अंथरून कुरडया घातल्या की दुपारी टणक. हात लावला की वाजायच्या. ती एक घाणा काढून दुसरा घालायची, तो वाळेपर्यंत तिसरा शिजायचा. वहिनी म्हणायची, बाई, पहाटे घालाव, दहाच्या आत घरात याव. पण हिच्या हिशेबात दुपारचं ऊन वाया जात होतं. डोक्यावर पदर, तोही नावापुरता, आणि चुलीपासून बाज, बाजेपासून चूल अशा फेऱ्या. मी विचारलं की म्हणायची, "बघा, थेंब नाही." आणि मान पुढं करायची. मान कोरडी असायची. आता आठवतं, ओठही कोरडे असायचे. घाम नाही म्हणून तहान नाही, तहान नाही म्हणून पाणी नाही. तिनं पहिल्या डब्यावर चिठ्ठीऐवजी लाल दोरा बांधला. हा डबा खाडीवर तिच्या भावाकडं पाठवायचा. मला म्हणाली, "उन्हाळा संपला की तुम्ही स्वतः नेऊन द्या आणि सांगा, ती तिथंच राहतेय, खोली भाड्यानं दे."

म्हणजे मी जिंकलो होतो. हे वाक्य मी ऐकलं तेव्हा जिंकलो होतो.

नवतपा लागला. उन्हाळ्यातले ते सगळ्यात वाईट दिवस, सूर्य डोक्यावर येऊन बसतो ते. राळेगावचा बाजार होता, मी चुलतभावाबरोबर सकाळच्या एसटीनं गेलो. परतायची एसटी वाटेत बंद पडली. दुपारी आम्ही दोघं दुपट्टा कानाला घट्ट बांधून, खिशात कांदा ठेवून, बाभळीबाभळीनं घरी आलो. आजवर मी त्या रस्त्याच्या पन्नास गोष्टी सांगितल्या असतील. डांबर चपलेला कसं चिकटलं, चप्पल मागं राहून मी पुढं कसा गेलो. त्या दिवसाची गोष्ट मी कधी सांगितली नाही.

घराच्या खिडक्या उघड्या होत्या. वाळ्याची ताटी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली, सुकून खडखडीत. बायको खिडकीशी बसली होती, तोंड वाऱ्याकडं, केस मानेवरून हातानं उचलून धरलेले. वारा असा येत होता जसं कुणी भट्टीचं दार उघडं टाकून गेलंय. तिचं तोंड लाल होतं, तव्यासारखं, आणि त्यावर घामाचा मागमूस नाही.

मी आत आलो तशी ती वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "भरती आली वाटतं. वारा फिरला."

मी हात लावला आणि हात मागं घेतला. अंग भाजत होतं.

पुढची धावपळ सांगत नाही. वहिनीनं खिडक्या लावल्या, लुगडी भिजवून तिच्यावर टाकली, तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं चमच्यानं ओठाशी धरलं. ते ओठांच्या कडेनं ओघळलं. चुलतभाऊ तसाच उलट पावली सायकलवर राळेगावला गेला आणि तिथले डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी सुई दिली, नाडी बघितली, बराच वेळ कपाळावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "घाम फुटला पाहिजे. एकदा घाम आला की मग भीती नाही."

आणि आम्ही घामाची वाट बघायला बसलो.

आता बघा ही थट्टा. ज्या घामापासून पळवून मी तिला इथवर आणलं, जो पुसण्यात तिची सारी हयात गेली, त्याचा एक थेंब दिसावा म्हणून चार माणसं तिच्या कपाळावर नजर लावून बसलेली. वहिनी बोकड कबूल करून कंदोरीच्या नवसाचं पुटपुटत होती. चुलतभाऊ जोडे घालूनच घरात उभा होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ओल्या पंच्यानं वारा घालत तिच्यावर वाकलो होतो. तिनं एकदा डोळे उघडले. मला ओळखलं, हे नक्की, कारण तोंडाची ती ओळखीची बाजू जराशी वाकडी झाली.

"अहो," ती म्हणाली. आवाज पापड मोडल्यासारखा. "सोळा आणे निघालं हो तुमचं."

मग थोड्या वेळानं, मला नाही, कुणालाच नाही, नुसतं वर कवेलूंकडं बघून, "मला एकदा घाम येऊ दे."

दिवस कलायला आला होता. कवेलूच्या फटीतून उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती. आणि वहिनी एकदम पुढं झाली. "आला. भाऊजी, पाहा, आला घाम."

खरंच होता. भुवईच्या वर, एक थेंब. टपोरा, चकचकीत. चुलतभावानं भिंतीला डोकं टेकवलं. डॉक्टर वाकले. मी नवरा, मी वाकलेलोच होतो, आणखी वाकलो. आणि दुसरा थेंब पडला. आला नाही, पडला. तिच्या गालावर, वरून. माझ्या नाकाच्या शेंड्यावरून.

त्या कोरड्या घरात, त्या झळीत, घामानं मी एकटा निथळत होतो. वाराच काय, सारं यवतमाळ जिल्ह्याचं आभाळ तो घाम पिऊ शकत नव्हतं. वहिनीनंही बघितलं. तिनं पदराच्या टोकानं हिच्या कपाळावरचा थेंब टिपून घेतला आणि मागं सरकून बसली.

दिवे लागायच्या आत बायको गेली. अंग शेवटपर्यंत कोरडं होतं.

अस्थी खाडीत सोडायला मी तिकडं गेलो. लाल दोऱ्याचा डबा बरोबर नेला, कारण तो न्यायचा होता. मेहुण्यानं मागची खोली दाखवली. उशा रचून ठेवल्या होत्या, ती निजायची तशा. म्हणाला, भावोजी, आता तुम्हीच राहा इथं. राहिलो काही दिवस. हवा जड होती, सदरा पाठीला चिकटायचा, घाम मानेवरून, कोपरावरून, पापण्यांवरून गळायचा. मेहुण्याची बायको पंचा पुढं करायची. मी घ्यायचो आणि मांडीवर ठेवून बसायचो. एक दिवस तिनं डबा उघडला, कुरडया तळायला. त्या मऊ पडल्या होत्या. बोटानं दाबली की दबायची. खालच्या थराला बुरशी धरली होती. ती बाई बिचारी गोरीमोरी झाली, म्हणाली, भावोजी, इथल्या हवेत टिकतच नाही काही.

मी परत आलो. का आलो ते विचारू नका. इथं तिचं काही नाही, तिथं माझं काही नाही, आणि तिसरं ठिकाण आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

उरलेले डबे इथं फळीवर आहेत. इतके उन्हाळे गेले, हलवले की अजून खुळखुळ वाजतात. वहिनीनं एकदा विचारलं, तळू का? मी नको म्हटलं. नवतप्यात दहा वाजले की मी उठून खिडक्या लावतो, ताटी भिजवतो, आणि आत बसतो. संध्याकाळी पारावर माणसं जमतात, कुणी तरी म्हणतं, बुवा, काय ऊन होतं आज. मग सगळे माझ्याकडं बघतात. मी कोंबडीची गोष्ट सांगतो, कावळ्याची सांगतो, बैलाच्या सावलीची सांगतो. ते हसतात. मग जरा थांबतात, कारण जुन्यांना आठवतं की गोष्टीला याच्यापुढं आणखी एक वाक्य असायचं.

मी तंबाखू मळायला घेतो.